साडेसातशे ग्रॅम

माझ्या खणात एक पितळी वजन आहे,
साडेसातशे ग्रॅम, गुंजभर कमी नाही की जास्त नाही.
तलवार उभी धरायची, टोकावर ते चढवायचं,
दाबून सोडायचं.
आतल्या स्प्रिंगने परत उचललं, तर हत्यार खरं.
एवढंच माझं शास्त्र. साठ वर्षं
वेर्चेल्लीच्या तलवारबाजांची पाती
मी याच बाकावर सरळ केली.

नीवेस पहिल्यांदा आली ती नऊ वर्षांची,
पोटऱ्यांवर वाळलेला चिखल.
एप्रिलात आमच्याकडे भातखाचरांत पाणी सोडतात,
गावाचं बेट होतं, बेडूक रात्रभर भांडतात.
तिची आई त्याच पाण्यात गुडघे वाकवून तण उपटायची.
मास्तर तेरेन्झिओ म्हणाले, गुडघे वाकव.
पोरगी वाकली आणि तशीच राहिली,
बाकीची मुलं घरी गेली तरी.

त्या काळी मुलींना फॉइल, फक्त फॉइल.
धडावर लागलं तेवढंच मोजायचं.
एपे पुरुषांची. तिच्यात अख्खं अंग खुलं,
नखापासून टाचेपर्यंत,
आणि आधी कोण पोचलं एवढाच प्रश्न.
नीवेस फॉइलची पदकं आणायची,
आईच्या बटणांच्या डब्यात टाकायची,
आणि गुरुवारी रात्री, दार लावून घेऊन,
पोस्टमन, दातांचा डॉक्टर, माझा धाकटा भाऊ
यांच्याशी एपे खेळायची.
अंगठ्यावर टोचायची. बुटाच्या नाडीवर टोचायची.
तिची तुटलेली पाती मी मोजत गेलो:
लग्नाच्या वर्षी दोन,
मूल गेलं त्या वर्षी अकरा.

बायकांना एपे खुली झाली
तेव्हा ती चौतीस वर्षांची होती.
बातमी मीच सांगितली. ती हातमोजा शिवत होती.
दोरा दातांनी तोडून म्हणाली,
"मनगट उरलंय का, ते बघायला हवं."

उरलं नव्हतं. डॉक्टरला ठाऊक होतं, मलाही.
म्हणून लोझानच्या सामन्यांच्या आदल्या रात्री
मी तिच्या स्प्रिंगचा अर्धा वेढा कापला.
दिवा जरा कमी जोरात लागावा, म्हणून.
तिने सांगितलं नव्हतं. कुणीच नाही.

सकाळच्या तपासणीत टोकाने वजन उचललं,
म्हातारा पायरी चढतो तसं.
ती जिंकत गेली.
शेवटी समोर इबोया, पेचची, एकोणीस वर्षांची,
हात सारसासारखे लांब.
बरोबरी. एकच वार उरलेला.
दोनदा दोन्ही दिवे एकदम पेटले,
दोनदा वार बाद.
मग नीवेस खाली गेली, खूप खाली,
कुणी पाण्यात उतरावं तशी,
आणि खालून वर, अंगठ्याच्या पेरावर.
एकच दिवा. हिरवा. आमचा.

समोरच्या प्रशिक्षकाने हात वर केला.
पंचांनी खिशातून वजन काढलं,
माझ्या वजनाचं जुळं भावंड,
टोकावर ठेवलं, दाबलं, सोडलं.

सगळा हॉल त्या पितळेकडे पाहत होता.
ती माझ्याकडे.

पुढचा वार इबोयाचा.
पेपरात दोन ओळी आल्या, "हत्यारातील दोषामुळे".
परतीच्या गाडीत तिने सफरचंद कापलं,
नीट मधोमध,
आणि अर्धं माझ्यापुढे धरलं.
मी ते बोगदा संपेपर्यंत हातातच धरून बसलो.

त्यानंतर तिने मोठ्या स्पर्धा खेळल्या नाहीत.
मंगळवारी मुलांना शिकवते.
हत्यारं अजून माझ्याकडेच आणते, दुसरीकडे नाही.
फक्त वजन माझ्या हातून काढून घेते,
स्वतः ठेवते,
आणि ते वर येईस्तोवर श्वास घेत नाही.

काल एक नवी पोर घेऊन आली. डावखुरी.
पायाला चिखल नाही, तण आता औषधाने मारतात.
"हिची स्प्रिंग कडक ठेव," नीवेस म्हणाली.

त्या विषयावर, पस्तीस वर्षांत, एवढंच.
मी चष्मा पुसला आणि कडक ठेवली.